सातव्या कलमाची गाठ

घाडींच्या बागेतल्या सातव्या कलमाला गाठ धरली आणि घाडींची आई त्या गाठीत राहायला गेली. सोमवारी सकाळी मला हे कळलं. मी त्या भागाची कृषी सहायक, म्हणून वासू घाडीने पहिला फोन मलाच केला.

गाठींची मला सवय आहे. मिजमाशी आंब्याच्या कोवळ्या पानात अंडं घालते. अळी चरू लागली की पान तिच्याभोवती फुगतं आणि तिच्या मापाची बंद खोली बांधून देतं. भिंती हेच तिचं जेवण. सहसा ही गाठ मिरीच्या दाण्याएवढी असते. इथली गाठ भाताच्या कणगीएवढी होती. बुंध्याला छातीच्या उंचीवर, गुळगुळीत, हिरवी, पानासारख्या शिरा असलेली. दार नव्हतं.

वासू पन्नाशीचा, बोलताना चपलेने माती उकरणारा. त्याची बायको नलिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभी होती.

"आत कशा गेल्या?" मी विचारलं.

"फट होती. आये आत बसली, तशी फट मिटली."

"भूक लागत नाही त्यांना?"

"भिंत गोड आसा म्हणता."

मी गाठीवर टकटक केली. "आजी?"

"मी बरी आसंय," आतून आवाज आला. "माका हय बरा वाटता. भायर काढू नकात."

वासू मला विहिरीकडे घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "तिची खोली पावण्यांक भाड्यान दिली आमी. तिच्या खिडकेतसून समुद्र दिसता ना. चारच म्हयन्यांसाठी. तिका पडवीत खाट घातली. लुगड्याची घडी उशाक घेतल्यान आणि निजली."

"पाहुणे आहेत अजून?"

"नाय. खोली रिकामीच आसा आता."

आमच्या खात्याच्या पत्रकात पहिला उपाय असा दिला आहे: गाठी आलेला भाग तोडून जाळावा. मी तो त्याला वाचून दाखवला नाही.

मी रोज जाऊ लागले. भिंत दिवसागणिक जाड होत होती आणि आजींचा आवाज बारीक होत होता. गुरुवारी त्यांनीच मला विचारलं, "तू खंय रवतंस?"

"भाड्याच्या खोलीत."

"केवडी?"

"दहा बाय बारा."

"तुज्या मापाची नाय ती," त्या म्हणाल्या.

सहा बदल्या झाल्या माझ्या. खोली मापाची आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन दार लावलं तर चारही भिंती माझ्यापासून फार लांब गेल्या होत्या. हात पुढे करून चालत निघाले. भिंत हाताला लागेपर्यंत चहाची वेळ टळून गेली होती.

शुक्रवारी आतून आवाज येईना. वासूने कोयता आणला, पण तो उचलवेना त्याला.

"मॅडम, तुमी सांगा. कापू?"

मी सरकारी माणूस. काहीतरी सांगणं भाग होतं.

"कापा," मी म्हणाले.

त्याने हातभर चीर दिली. पांढरा चीक वाहिला. आत आजी गुडघे हनुवटीला लावून बसल्या होत्या, सात वर्षांच्या मुलीएवढ्या. केस नव्हते. गाल भिंतीला चिकटलेला. पावलांना बोटं उरली नव्हती, टाचेपासून पुढे सगळं गोल होत गेलेलं. वारा लागला आणि त्या सुकू लागल्या, उन्हात टाकलेल्या पानासारख्या, कडेकडून.

"वासू," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "उजेड लागता रे."

वासूने कोयता टाकला. चिरेच्या दोन्ही कडा हातांनी एकमेकींकडे ओढल्या आणि घट्ट दाबून धरल्या. अंगठे बाहेर, बाकीची बोटं आत. तासाभरात चीर भरून आली. बोटांसकट.

"ओढा बाहेर," मी म्हणाले.

"ओढली तर फट उघडतली," तो म्हणाला. तो रडत नव्हता.

याला अकरा दिवस झाले. नलिनी त्याला उभ्यानेच चमच्याने पेज भरवते. दुपारी त्याच्या डोक्यावर छत्री धरते. तो या पायावरून त्या पायावर भार देत राहतो. हिरवी कातडी त्याच्या मनगटापर्यंत आली आहे.

"आये बोटां मोजता माजी," त्याने मला सांगितलं. "सकाळी एकदा, सांजेक एकदा. ल्हानपणी न्हाणीत मोजी तशी. आठ म्हणता आणि गप ऱ्हवता."

"तुम्हाला दुखतं का?"

"नाय. आता कळना नाय, माजी खंय संपतत ती."

आज मी करवत घेऊन गेले. मनगट वाचवायचं तर आजच, असं मी ठरवलं होतं. नलिनी आडवी आली.

"आदी आयका तरी तिका," ती म्हणाली. "मगे काय ता करा."

मी करवत तिच्या हातात दिली आणि वासूच्या शेजारी उभी राहून गाठीला कान लावला. भिंत कोमट होती. आवाज इतका बारीक होता की मला कान दाबून धरावा लागला. आजी सावकाश मोजत होत्या, प्रत्येक आकड्यानंतर थांबत. सहा. सात. आठ.

मी वाट पाहिली. मग कान सोडवू पाहिला, तो भिंतीपासून सुटेना.

"नऊ," आजी म्हणाल्या.