न हलणारा एकाहत्तर

मी एक चिकटपट्टी बोलतेय. जखम झाकणारी नव्हे, कातडी न कापता आत डोकावणारी. माझ्या पोटात दोन बारीक दिवे आहेत. त्यांचा उजेड स्नायूत शिरतो, तिथल्या रक्तात प्राणवायू किती उरलाय ते पाहून परत येतो, आणि वायरीच्या टोकाला पडद्यावर आकडा उमटतो. आम्हा पट्ट्यांचं आयुष्य एवढंच: एक माणूस, एक पाय, मग कचऱ्याचा डबा.

माझ्या वाट्याला पेइशान आली. ताइनानजवळच्या मत्स्यतळ्यांवर वडिलांबरोबर राबणारी. मासळीच्या पेट्या भरलेली गाडी बांधावरून घसरली आणि तिची पोटरी खाली सापडली. हाड जोडलं, पण पोटरी आतून सुजत चालली होती. अशी सूज स्नायूचा श्वास कोंडते आणि काही तासांत पाय कायमचा जातो. कमरेखाली बधिर केल्यामुळे पेइशानला काही दुखतच नव्हतं. तिचं दुखणं मीच सांगायचं होतं.

आणि मी सांगत होते. त्रेसष्ट. अठ्ठावन्न. चोपन्न.

उशाशी तिचे वडील, छाईकाका, पडद्याकडे टक लावून बसले होते. मेलेल्यांची भुतं जिवंतांत फिरतात असं मानतात, तो सातवा महिना चालू होता. काकांची बायको काही वर्षांपूर्वी याच महिन्यात तळ्यात बुडाली होती.

"हिलाही ओढून नेतायत," ते पुटपुटले.

युन सिस्टर डॉक्टरांना फोन करायला गेली, तेवढ्यात काकांनी खिशातून देवळातला पिवळा मंतरलेला कागद काढला. तो जखमेजवळ कातडीला लागायला हवा होता, पण पायभर बँडेज. मोकळी कातडी होती ती फक्त माझ्याखाली. त्यांनी माझी कड उचलली, कागद सरकवला आणि मला पुन्हा दाबून बसवलं.

माझा उजेड कागदावरूनच मागे फिरला. पलीकडे पेइशान आहे की नाही, मला कळेना. पडद्यावर मात्र उमटलं: एकाहत्तर.

"चढला!" काका रडायलाच लागले. "बघ पोरी, तुझ्या आईने सोडवलं तुला!"

युन परत आली. "अगंबाई, खरंच की! मग डॉक्टरांना थांबायला सांगते."

मला किंचाळायचं होतं. पण मला तोंड नाही, आकडा आहे, आणि तोही आता माझा राहिला नव्हता. कागदापलीकडून कुणीतरी श्वास रोखून माझ्याकडे बघतंय असं वाटत होतं. मी भ्यायले होते.

पेइशान खोकली. सगळं अंग हललं, आकडा हलला नाही.

युन दारातच थबकली. "काका, जिवंत माणसाचा आकडा असा बसून राहत नाही हो. पट्टीला हात लावलात?"

काकांनी माझ्या कडेकडे बोट दाखवलं. म्हणाले, "लावला."

तिने कागद ओढून काढला. अडतीस. पेइशानला तसंच पळवत आत नेलं आणि पोटरी उभी चिरून सूज मोकळी केली. पाय वाचला. अंगठा अजून नीट उचलत नाही.

"असू दे," ती परवाच म्हणाली, "बाबांना लाथ घालण्यापुरता पुरे आहे!"

हे मी ऐकलं, कारण काकांनी मला कचऱ्यात जाऊ दिलं नाही. त्यांच्या घरी, बायकोच्या फोटोखाली, तो कागद पोटाशी चिकटवून मला ठेवलंय. रोज उदबत्ती लावून ते विचारतात, "सगळं ठीक आहे ना?"

काका, पाया पडते, मला विचारू नका. मला उचला आणि खाली काय आहे ते बघा. माझी वायर तुटलीय, दिवे विझलेत. तरी त्या कागदापलीकडून कुणीतरी मला अजूनही तोच आकडा सांगत असतं: एकाहत्तर. तो एकदाही हललेला नाही.