जफर वकिलांच्या ओसरीवरचा बाक

मित्रांनो, दारव्ह्याला कोर्टामागच्या गल्लीत जफर वकिलांचं ऑफिस आहे. त्याच्या परसात, टिनाखाली जो सागाचा जुना बाक पडलाय, तो मी.

जफरसाहेबांच्या वडिलांनी वकिली सुरू केली तेव्हा टेबलाच्याही आधी मला करून घेतलं आणि ओसरीवर ठेवलं. त्या घरची एक रीत होती. पक्षकार दूरदूरच्या तांड्यांवरून जीपमध्ये दाटीवाटीनं यायचे. वकील बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसायचे, त्यांच्या शिदोरीतला घास घ्यायचे, आणि मगच केस ऐकायचे.

"आधी शिदोरी सोड, सुखीबाई," जफरसाहेब म्हणायचे. "उपाशी माणूस कोर्टात बापाचं नावही विसरते."

"अन् वकील?"

"वकील त पोट भरल्यावरच खरं बोलते."

सुखीबाई पदराआड हसायची. तिचा नवरा पूनमसिंग साप चावून गेला, आणि दीर नेमसिंग तिचं कापसाचं वावर आपलंच म्हणू लागला. ते वावर राखायला ती भांडत होती.

मग कापसाचे वाईट दिवस आले. भाव पडला. कोर्टाच्या फेऱ्या नकोत म्हणून लोक भांडणं मिटवू लागले. त्याच उन्हाळ्यात जफरसाहेब गेले.

त्यांची मुलगी फरहा नागपूरहून वकिली शिकून आली. रांगायच्या वयात माझाच पाय धरून ती पहिल्यांदा उभी राहिली होती. तिनं काचेची खोली केली, खुर्च्या आणल्या, आणि मी परसात आलो.

एक दिवस सुखीबाई आली. खुर्चीच्या कडेवर टेकली.

"मावशी, अर्धं वावर दिराला देऊन मिटवून टाकू. तुमच्या फेऱ्या वाचतील. चालेल ना?"

"हो."

"नीट समजलं ना?"

"हो बाई."

फरहा मनाची मऊ. तिला त्यातच मावशीचं भलं दिसलं. ती कागद तयार करायला लागली, आणि सुखीबाई पाणी प्यायला परसात आली. मला पाहून थबकली. बसली. शिदोरी सोडून अर्धी भाकर बाजूला काढली, आणि वाट बघत राहिली.

फरहा अंगठ्यासाठी शाई घेऊन आली. "इथं काहून बसल्या, मावशी?"

"तुह्या बापाची सवय लागली बेटा. घास घेतल्याबिगर तो इचारत नव्हता, अन् मी सांगत नव्हती."

फरहा माझ्यावर बसली. घास घेतला. शाई बाजूला ठेवली.

"आता सांगा."

"मले वावर द्याचं नाही. बांधाएवढंही नाही."

"मग मघाशी हो काहून म्हटलं?"

"मोठ्या खुर्चीले नाही कोण म्हणते?"

तो कागद फरहानं फाडला. पुढच्या तारखेला सुखीबाईनं कोर्टात स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं, आणि वावर तिच्याकडेच राहिलं.

आता फरहा टेबल सोडून पक्षकाराच्या शेजारी खुर्ची ओढून बसते. त्यामुळे सुखीबाई अजून भेटायला आली, तरी तिला मागे यायची गरज उरली नाही. तिचं हसणं मात्र इथवर ऐकू येतं. मला आनंद आहे, मित्रांनो, खोटं नाही सांगत. तरी गल्लीत जीप थांबली की वाटतं, कुणी तरी इकडे वळेल.

तुमच्या घरी नवं काही आलं, तर जुन्याला हलवण्याआधी तिथं कोण बसत होतं, एवढं विचारा. आणि कधी इकडून गेलात तर घटकाभर टेका. पावसानं नाही, उन्हानं नाही, मी रिकामेपणानं झिजतोय. मला माणसाच्या ओझ्याची फार आठवण येते.