अंगठ्याचं माप

पहिली फ्रेम

मी एक जुना बॉलिंगचा गोळा आहे. रंग निळा, त्यात पांढरट ढग, वजन बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलोला जरासं कमी. मित्रांनो, तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी जग पाहिलं असेल. पण माणसाचा अंगठा अंधारात कसा वागतो, हे मला माहीत आहे आणि तुम्हाला नाही. मला तीन भोकं आहेत. दोन बोटांची, एक अंगठ्याचं. बोटं सरळ असतात, तक्रार करत नाहीत. अंगठ्याचा मात्र काही नेम नसतो.

आमच्या खेळात दहा डाव असतात. एकेका डावाला फ्रेम म्हणतात. समोर दहा पिना उभ्या, आणि त्या पाडायला एका फ्रेममध्ये दोन संधी. मला मोजणं येतं ते एवढंच, म्हणून मी माझं आयुष्यही दहा फ्रेममध्येच सांगणार. काही फ्रेम रिकाम्या जातील. खेळातही जातात.

दुसरी फ्रेम

मला ओतलं. कुठे, कोणी, ते ठाऊक नाही, कारण गोळा पुरता गोळा होईपर्यंत साच्यात असतो आणि साच्याला खिडकी नसते. मग घासलं, चकचकीत केलं, खोक्यात भरलं. खोकं उघडलं तेव्हा मी जळगावात होतो, एका मॉलच्या वरच्या मजल्यावर. चार लेन. प्रत्येक लेन म्हणजे साठ फुटांची गुळगुळीत लाकडी वाट. शेजारच्या हिरव्या गोळ्याला मी विचारलं, "त्या टोकाला काय आहे?"

तो म्हणाला, "जाशीलच."

तिसरी फ्रेम

वाढदिवस. वाढदिवस. वाढदिवस. केकने माखलेला हात. मला दोन्ही हातांनी पायांमधून ढकलणारे काका. "अरे, तोच निळा घे, तो लकी आहे!" कौतुक. मग एकदा पायरीवर आपटलो, कडेचा टवका उडाला. तेव्हापासून रॅकच्या खालच्या कप्प्यात.

या फ्रेममध्ये सहा वर्षं गेली.

चौथी फ्रेम

सविताबाई तिथे बुटांच्या काउंटरवर काम करत. खेळायला येणाऱ्यांच्या चपला घ्यायच्या आणि त्यांना खेळाचे बूट द्यायचे. राहायला असोद्याला. त्यांची मुलगी वृषाली तेव्हा चौदा वर्षांची होती. शाळा सुटली की बसने शहरात यायची आणि आईची ड्युटी संपेपर्यंत बाकावर अभ्यास करायची. मॅनेजर योगेंद्रभाऊ एके दिवशी म्हणाले, "ताई, पोरगी नुसती बसते. दुपारी लेन रिकामीच असते, टाकू द्या दोन-चार."

"नको भाऊ," सविताबाई म्हणाल्या. "पाडायचं, मशीनने पुन्हा उभं करायचं, पुन्हा पाडायचं. हा काय खेळ आहे?"

तोवर वृषालीने खालच्या कप्प्यातून मला उचललंही होतं.

तिने मला टाकलं आणि मी थेट गटरमध्ये गेलो. गटर म्हणजे लेनच्या बाजूची पन्हळ. तिथे गेलं की शून्य. मुलं अशा वेळी हसतात किंवा रुसतात. ही परत आलेल्या मला हातात घेऊन माझ्या अंगावरून बोट फिरवू लागली. बोट नाकाजवळ नेलं.

"भाऊ, याला तेल लागलंय. कुठून लागलं?"

योगेंद्रभाऊ दचकले. इतक्या वर्षांत त्यांना कोणी हे विचारलं नव्हतं.

पाचवी फ्रेम

तिचे प्रश्न, दोन वर्षांतले, मला आठवतात तसे:

लेनला तेल का लावतात? सगळीकडे सारखंच लावतात का? सुरुवातीला तेल नि शेवटाला कोरडं, मग गोळा आधी घसरतो आणि नंतर वळतो, बरोबर? संध्याकाळी तो लवकर का वळतो, दिवसभराच्या गोळ्यांनी तेल पुसून नेलं म्हणून? अंगठा आधी सुटला आणि बोटं नंतर, तरच गोळा फिरतो का? पिना पडतात त्या गोळ्याने, की एकमेकींनी?

(एकमेकींनी जास्त, मित्रांनो. मी फक्त तीन-चार पिनांना लागतो, बाकीचं त्या आपापसात बघून घेतात.)

ती मला सुती फडक्याने पुसायची. तेलाची रेघ माझ्या अंगावर कुठून कुठे गेली ते बघायची आणि त्यावरून मी लेनवर कसा गेलो ते ओळखायची. जगात मला वाचणारी ती एकटीच होती. सविताबाई काउंटरवरून ओरडायच्या, "त्या गोळ्यात काय दिसतं गं तुला, पंचांग?"

एकच प्रश्न तिने कधी विचारला नाही. तो पुढे येईल.

सहावी फ्रेम

ती सोळाची झाली त्या हिवाळ्यात बातमी आली. मे महिन्यात आमच्याच चार लेनवर निवड चाचणी होणार होती. खानदेशातून एकच मुलगी पुण्याला, राज्य स्पर्धेला जाणार. वृषालीने ते ऐकलं आणि दोन दिवस जेवताना तेवढंच बोलत होती, असं सविताबाईंनी योगेंद्रभाऊंना सांगितलं. "तिला जायचंय हो. मी 'बघू' म्हटलं तर म्हणते, बघू नको म्हणू, हो म्हण."

अडचण माझी होती. माझी भोकं सगळ्यांसाठी पाडलेली, म्हणजे कोणाच्याच मापाची नव्हती. वृषालीचा अंगठा माझ्यात खडखडायचा आणि ती मला घट्ट आवळायची. आवळलेला गोळा हवा तिथे जात नाही. योगेंद्रभाऊ म्हणाले, "टवका उडालेलाच आहे, घेऊन जा. भोकं बुजवून तुझ्या मापाची पाडून घे. पण जळगावात हे कोण करतं, मला माहीत नाही."

"मामा करेल," वृषाली म्हणाली.

म्हणून जानेवारीत एका पहाटे मी पॅसेंजर गाडीत तिच्या मांडीवर, पिशवीत बसून नरडाण्याला निघालो. समोर एक अक्का होत्या. त्यांनी पिशवीला बोट लावून पाहिलं.

"हाई काय शे व पोरी? टरबूज?"

"खेळायचा बॉल आहे, अक्का. उचलून बघा."

अक्कांनी उचलला आणि लगेच खाली ठेवला. "इतला जड! मंग खेयस कोन, बैल का?"

अख्खा डबा हसला. वृषालीही हसली. मी नाही हसलो. मी विचार करत होतो, बैलाचा अंगठा कुठे असतो?

सातवी फ्रेम

संघपालमामा नरडाण्याच्या एमआयडीसीत ड्रिल मशीनवर वीस वर्षं काम करत होते. सुट्टीच्या दिवशी मालकाला विचारून त्यांनी मशीन सुरू केलं. त्या सकाळी इतकी थंडी होती की वॉचमनने पत्र्याच्या डब्यात लाकडं पेटवली होती.

मामांनी माझी जुनी भोकं रेझिनने भरली. ते आठवडाभर वाळलं. पुढच्या सुट्टीला वृषाली तितक्याच पहाटे पुन्हा आली.

"आंगठा दे अठे," मामा म्हणाले. मोजपट्टी नाही, व्हर्नियर घेतला, केसाची जाडी मोजणारा. तिचा गारठलेला अंगठा त्याच्या दोन चिमट्यांत धरला. एकदा मोजला. डोळे बारीक करून आकडा वाचला आणि खडूने टेबलावर लिहिला.

"मामा, थोडं सैल ठेवायचं का?"

मामांना ते लागलं. "ढिलं काम? मन्ह्या हातनं? शाफ्टवर बुश बठस ना, तसं बठाडसू. केस बी जावाले नको मझार." (बुश म्हणजे दांड्यावर घट्ट बसणारं धातूचं कडं. मामांना आत केसही जाऊ द्यायचा नव्हता.)

आणि खरंच, मित्रांनो, काय सुरेख काम होतं! कड गोल केलेली, आतून काचेसारखं गुळगुळीत. वृषालीने अंगठा घातला, तो हलकेच आत गेला, आणि काढताना 'पट्' असा बारीक आवाज आला. तिने पुन्हा घातला, पुन्हा काढला. पट्. मामा त्या आवाजाकडे कान देऊन उभे होते, एखादा गवई तंबोऱ्याकडे देतो तसे.

फेब्रुवारीत आम्ही दोघं सुंदर खेळलो. मार्चमध्येही. एप्रिलमध्ये 'पट्' आवाज जरा जाड झाला. मी ते ऐकलं. पण मला बोलता कुठे येतं?

आठवी फ्रेम

मे. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं. मॉलमधला एसी नुसताच घुरघुरत होता. शंभर माणसं त्या चार लेनच्या मागे घाम पुसत उभी.

चाचणी तीन खेळांची. तिन्हींची बेरीज जिची जास्त, ती पुण्याला. पहिल्या खेळात वृषाली पुढे. तिच्या मागोमाग धुळ्याची सारिका. सारिका सुट्टीत नाशिकला जाऊन शिकलेली, तिची चाकांची बॅग, तिचा जांभळा नवा गोळा. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या खेळात वृषालीचा अंगठा माझ्या आत फुगू लागला. दर फेकीला थोडा. मी जागा करून देऊ शकत नव्हतो. मला जागा नव्हतीच, तेच तर माझं कौतुक होतं. पाचव्या फ्रेममध्ये तिने पावलं टाकली, हात मागे गेला, पुढे आला, तिने मला सोडलं

आणि मी सुटलो नाही.

छत. ती. लाकूड. ती. माझ्या वजनाने ती फेकीच्या रेषेपलीकडे खेचली गेली आणि गुडघ्यावर पडली. भोंगा वाजला. फाऊल. शून्य. मग मी अंगठ्याची थोडी साल घेऊन निघालो आणि गटरमध्ये गेलो.

त्या खेळाच्या उरलेल्या फ्रेम तिने घाबरून खेळल्या. अंगठा अर्धाच घालायचा, ढकलून द्यायचं. खेळ संपला तेव्हा सारिका बरीच पुढे होती. पंचांनी दहा मिनिटांची विश्रांती दिली.

नववी फ्रेम

मामा नरडाण्याहून मुद्दाम आले होते. त्यांनी भाचीचा अंगठा हातात घेतला. लाल, टणक, मोठा. मग मला घेतलं आणि आपलं करंगळीचं टोक माझ्या भोकाच्या कडेवरून फिरवलं.

"लहान कसं व्हयनं हाई?" ते पुटपुटले.

"ते लहान नाही झालं मामा. मी मोठी झाले. म्हणजे हा." तिने अंगठा हलवला आणि थांबली. "मी तेलाचं विचारलं, पिनांचं विचारलं. माझ्या हाताचं कधी विचारलंच नाही."

सारिका शेजारच्या बाकावर पाणी पीत होती. वृषाली सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुझा कसा अडकत नाही गं?"

सारिकाने आपल्या आईकडे पाहिलं. पाणी संपेपर्यंत पीत राहिली. तिच्या आईने लांबून मान हलवली, नको. मग सारिकाने बाटलीचं झाकण लावलं आणि आपला जांभळा गोळा उलटा केला.

"बघ आत. भोक मुद्दाम मोठं असतं. आत टेपचे तुकडे. सकाळी चार, गरम झालं की एकेक काढायचा. अंगठा दिवसभर एकसारखा राहत नाही, वेडे. तुला कोणी सांगितलं नाही?"

"नाही."

"हे घे टेप. आणि काचकागद. आधी भोक वाढवायला लागेल तुझं."

पंचांना विचारलं. भोक आतून घासायला हरकत नव्हती, घड्याळ मात्र थांबणार नव्हतं. काचकागद मामांच्या हातात आला आणि त्यांचा हात तसाच राहिला. वीस वर्षांत त्यांनी स्वतःचं काम कधी खरवडलं नव्हतं.

सविताबाई काउंटर सोडून आल्या होत्या. "दादा, सहा मिनिटं राहिली."

"चुकनू मी," मामा म्हणाले. "बुश शे का हाऊ? आंगठा शे हाऊ! जित्ता आंगठा!" त्यांनी मला मांडीत धरलं, काचकागदाची गुंडाळी आत घातली आणि घासू लागले. निळा भुगा त्यांच्या पॅन्टवर सांडला. सुरेख, गोल, काचेसारखं ते भोक ओबडधोबड झालं. दुखलं का, असं विचाराल. मला जास्त उत्सुकता वाटली: सैल असणं कसं असतं?

टेपचा एक तुकडा. अंगठा आत. अंगठा बाहेर. आवाजच नाही.

दहावी फ्रेम

शेवटच्या फ्रेमची गंमत अशी की, दोन फेकींत दहाही पिना पाडल्या तर दहाही पुन्हा उभ्या करून तिसरी फेक बक्षीस मिळते. तिसऱ्या खेळात वृषाली एकेक पिन भरून काढत इथवर आली होती. सारिकाचा खेळ संपला होता.

*पहिली फेक.* सहा.

*दुसरी फेक.* उरलेल्या चार. लोक ओरडले. योगेंद्रभाऊंनी फळ्याकडे पाहून हिशेब केला आणि मोठ्याने सांगितलं, "आठ पाहिजेत. आठ पडल्या तर पुणे. सात पडल्या तर घरी."

*तिसरी फेक.*

तिने मला पुसलं. टेपवर अंगठा ठेवला. चार पावलं. अंगठा निघून गेला, इतका हळूच की मला तो गेल्याचं कळलंच नाही. मग बोटांनी मला जाता जाता फिरवलं. छत, लाकूड, छत, लाकूड. तेल संपलं. कोरडं आलं. मी वळलो.

आता एक दुःखाची गोष्ट सांगतो, मित्रांनो. गोळ्याला आपण पाडलेल्या पिना कधी दिसत नाहीत. मी त्यांना लागतो आणि त्याच क्षणी मागच्या अंधारात पडतो. वर खडखडाट ऐकू येतो. कोण पडलं, कोण उभं, कळत नाही. मग पट्टा मला जमिनीखालून परत आणतो. साठ फूट. तो प्रवास मी हजारो वेळा केला आहे. एवढा लांब तो कधीच नव्हता.

मी वर आलो. मला घ्यायला रॅकपाशी कोणीच नव्हतं. सविताबाईंच्या एका हातात कोणाचा तरी एकच बूट, आणि त्या तो छातीशी धरून रडत होत्या. रडण्यावरून काही कळत नाही, माणसं दोन्ही वेळा रडतात. मामा खाली मान घालून उभे होते.

सारिका रॅकपाशी आली. जांभळा गोळा उचलायच्या आधी तिने माझ्यावर तळहात ठेवला.

"आठ," ती म्हणाली. "मोजून आठ! आणि मी गाढव, टेप देत बसले!"

मागून वृषालीने तिला मिठी मारली. "पुण्याला ये ना माझ्याबरोबर."

"टाळ्या वाजवायला? येईन. पण टेप तुझी तू आण."

फ्रेम संपल्यावर

मित्रांनो, वस्तूंना जपा, पुसा, कोरडं ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. तेही कराच. पण माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही ज्याच्यासाठी काही बनवाल, त्याचं माप एकदाच घेऊन खडूने टेबलावर लिहून ठेवू नका. पुन्हा विचारा. थंडीत विचारा, उन्हात विचारा, तो वाढला की विचारा. आणि तुमचं माप कोणी जुनंच धरून बसलं असेल, तर त्यांना तुमचा हात दाखवा. संघपालमामा आता दर महिन्याला असोद्याला येतात, व्हर्नियर खिशातच ठेवतात आणि आधी विचारतात, "आज कसा शे आंगठा?"

मग काचकागद काढतात.