आबांचं जर्मन

कोल्हापुरात माणूस पास व्हायच्या आधी त्याचा फ्लेक्स लागतो. निदान आमच्या गल्लीत तरी लागतो.

माझी थोरली बहीण संयोगिता, म्हणजे ताई, नर्स आहे. जर्मनीतल्या इस्पितळात नोकरी हवी तर आधी त्यांची भाषा आली पाहिजे, म्हणून गेलं वर्षभर ती ड्युटी संपली की राजारामपुरीत रोहिणी मॅडमच्या क्लासला जात होती. परीक्षा पुण्याला होती. ती देऊन ताई परत आली तेव्हा तालमीसमोर कृष्णातकाका उभे होते. काका आमच्या तरुण मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा नातू शाळेत जातो, पण अध्यक्षपद काही त्यांनी सोडलेलं नाही.

"कसा गेला पेपर?" त्यांनी विचारलं.

"बरा गेला," ताई म्हणाली.

दमलेल्या माणसानं दुसरं काय म्हणायचं? पण काकांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारासमोर दोन बांबूंवर फ्लेक्स उभा. 'जर्मन भाषेवर झेंडा रोवल्याबद्दल आमच्या गल्लीची वाघीण कु. संयोगिता आकाराम खाडे हिचे हार्दिक अभिनंदन!' वर ताईचा मावसभावाच्या लग्नातला फोटो, डोळ्यांवर नवरदेवाच्या भावाचा गॉगल. खाली मंडळाचे झाडून सगळे कार्यकर्ते, निम्मे कानाला फोन लावलेले. ताईनं तो बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काका, अजून निकाल न्हाय लागला," ती म्हणाली.

"लागंल की. तू काय नापास हुतीस व्हय?"

आबा तिथंच उभे होते. आमचे आबा म्हशी पाळतात. रोज संध्याकाळी त्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेऊन बांधायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसासकट ग्लास त्याच्या हातात द्यायचा, हा त्यांचा धंदा. त्यांच्या वडिलांचाही तोच होता. आबा मोजकं बोलतात आणि ते बोलले की घरात कुणी उलट बोलत नाही. तसा दंडक वगैरे काही नाही, ते कधी कुणाच्या अंगावरही धावलेले नाहीत, पण आम्हाला जमतच नाही. त्या दिवशी त्यांनी फ्लेक्सवरचं आपलं नाव बोट लावून वाचलं आणि म्हशी घेऊन निघून गेले. जाताना दोनदा मागं वळून बघितलं.

रविवारी सत्कार ठरला. आणि रविवारीच सकाळी ताईच्या फोनवर निकाल आला.

वाचन पास, लेखन पास, ऐकणं पास. बोलणं नापास.

तिनं मला माडीवर बोलावलं आणि फोन पुढं केला. मी हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं ती थट्टा करतेय. वॉर्डात दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्या नातेवाइकांना दंडाला धरून बाहेर काढणारी माझी बहीण, तिचा आवाज गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जातो, आणि ती बोलण्यात नापास? मग तिचा चेहरा बघितला आणि माझं हसू तिथंच आटलं.

"झालं काय?" मी विचारलं.

तिनं सांगितलं. त्या परीक्षेत दोघांना समोरासमोर बसवतात आणि मिळून एक बेत ठरवायला लावतात. एकानं काही सुचवायचं, दुसऱ्यानं ते खोडायचं, स्वतःचं काही पुढं करायचं, असं करत करत दोघांनी एका ठिकाणी यायचं. ताईच्या समोर आले इचलकरंजीचे जिनपाल म्हणून एक गृहस्थ. मुलगा तिकडं असतो म्हणून भाषा शिकत होते. वय आबांएवढं, बोलणं आबांसारखंच हळू. आजारी मित्राला भेटायला कधी जायचं हे दोघांना ठरवायचं होतं. ते म्हणाले रविवारी, ताई म्हणाली चालेल. ते म्हणाले बसनं, ताई म्हणाली चालेल. ते म्हणाले फुलं नेऊ, ताई म्हणाली छान. समोरची परीक्षक बाई तिच्याकडं बघत राहिली, आता ही काही बोलेल, मग बोलेल. ताईला सगळी वाक्यं येत होती. 'मला हे पटत नाही' हे तर रोहिणी मॅडमनी वर्षभर घोटून घेतलेलं.

"येत हुतं, मग बोललीस का न्हाईस?"

"आबांच्या वयाचा माणूस गं," ताई म्हणाली. "त्यांना तोंडावर कसं म्हणू, तुमचं चुकतंय म्हणून?"

मला तिचा राग आला. पण तिच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं हेही कळत होतं, आणि त्याचाच राग जास्त आला.

"आबांना आत्ता जाऊन सांग," मी म्हटलं.

ती गेली. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. आबा गोठ्यात होते. सत्काराला वेळ व्हायला नको म्हणून त्यांनी म्हशी लवकर धुतल्या होत्या आणि इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावून ठेवला होता. ताई म्हणाली, "आबा." ते म्हणाले, "फेटा मंडळाचा बांधत्यात का आपला न्यायचा?" ताई म्हणाली, "मंडळाचाच." आणि परत आली.

त्या दिवशी दुपारभर ती खिडकीशी बसून एकच वाक्य पुटपुटत होती. इश बिन दुर्शगेफालन. मी अर्थ विचारला. ती म्हणाली, "मी नापास, असा."

संध्याकाळी तालमीसमोर मांडव, हलगी, माईक, सगळं होतं. ताईला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. काकांनी भाषण केलं. त्यात जर्मनी कमी आणि मंडळाच्या गणपतीची मिरवणूक जास्त होती. मग त्यांनी माईक ताईच्या हातात दिला.

"आता वाघिणीनं चार शब्द जर्मनीत बोलायचं," काका म्हणाले. "आमाला कळू दे न कळू दे. कान तरी धन्य हुतील."

ताईनं माईक धरला. आबा पहिल्या रांगेत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. आई त्यांच्या मागं. ताईनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं ती काय बोलणार आहे.

"इश बिन दुर्शगेफालन," ती म्हणाली. स्वच्छ, खणखणीत, कुठंही न अडखळता. पुण्यात असं बोलली असती तर फ्लेक्स खरा ठरला असता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, हलगीवाल्यानं दोन ठोके जादा दिले. सगळ्या गल्लीत ते वाक्य कळणारी मी एकटी, आणि मीही टाळ्या वाजवल्या. आजूबाजूला सगळे वाजवत होते, मी हात बांधून उभी राहिले असते तर लोकांनी विचारलं असतं. नंतर किती तरी वेळ माझे तळहात मला नकोसे वाटत होते.

गलका ओसरल्यावर आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "अर्थ सांग की."

मला वाटलं, आता सांगेल. माईक हातातच होता.

"म्हंजे," ताई म्हणाली, "आई-आबांमुळं मी इथवर आलो."

आमच्याकडं पोरीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. आईनं पदर डोळ्यांना लावला. आबांनी मान खाली घातली आणि नाक शिंकरलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेले तर आबा म्हशीच्या पोटाला डोकं टेकून धार काढत होते आणि धारेच्या तालावर म्हणत होते, "इश बिन... दुर्श... गेफालन." ताई दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बराबर हाय का गं?" आबांनी विचारलं.

"बरोबर हाय," ताई म्हणाली.

आमच्या आबांना इंग्रजीत सही येत नाही. मराठी वाचतात तेही बोट लावून. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा परक्या मुलखातलं एक वाक्य पाठ केलं आणि ते हे. संध्याकाळी कट्ट्यावर त्यांनी ते पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणून दाखवलं. मी ग्लास विसळायला सोबत असते, त्यामुळं सगळं माझ्या कानांवर पडायचं. "थोरली लेक जर्मन शिकलीय," ते म्हणायचे, "आईबापाचं उपकार मानायचे तर असं म्हणत्यात." मग छाती पुढं काढून वाक्य. कॉलेजची पोरं त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायची. पहाटे तालमीत मेहनत करून संध्याकाळी दूध प्यायला येणारे पैलवान ते शिकले. सराफ कट्ट्यावरचे एक आजोबा तर ग्लास तोंडाला लावण्याआधी म्हणू लागले. मी ग्लास घासत राहायचे. इतके स्वच्छ ग्लास त्या कट्ट्यावर कधी कुणी बघितले नसतील.

घरी आले की मी ताईला म्हणायचे, "सांग आता." ती म्हणायची, "आज सांगते." पण आबा जेवायला बसत, आई भाकरी वाढत आणि ताई ताटात बघत राही. क्लासलाही ती जाईनाशी झाली. घराबाहेर पडताना फ्लेक्सकडं पाठ करून चालायची. मी तिला टोचून बोलायचे, पण मी तरी कुठं सांगत होते? मला रोज कट्ट्यावर संधी होती. मी रोज ग्लास घासले.

आणि एका संध्याकाळी कट्ट्यावर रोहिणी मॅडम आल्या. ताई क्लासला येत नाही, फोन उचलत नाही, म्हणून चौकशी करत आल्या होत्या. मी त्यांना बघितलं आणि हातातला ग्लास बादलीत सोडून दिला. पण मी उठेपर्यंत त्यांनी आबांना ओळख सांगितली होती.

आबा लगबगीनं उभे राहिले. हात धोतराला पुसले, जोडले, आणि ताईच्या मॅडमसमोर शाळेतल्या पोरासारखे ताठ होऊन म्हणाले, "इश बिन दुर्शगेफालन."

मॅडमचा चेहरा मऊ झाला. त्यांना वाटलं, आबांना सगळं माहीत आहे आणि ते लेकीच्या वतीनं सांगताहेत.

"त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका, काका," त्या म्हणाल्या. "एकाच विषयात नापास झालीय ती. बोलण्याची परीक्षा तेवढी परत देता येते. तिला क्लासला पाठवा फक्त."

मी आबांकडं बघू शकले नाही. त्यांच्या हातांकडं बघत होते. ते हात तसेच जोडलेले राहिले, मग सुटले.

"पाठवतो की," आबा म्हणाले. "बसा. दूध घ्या."

त्यांनी म्हशीखाली बसून धार काढली, फेसानं भरलेला ग्लास मॅडमना दिला, त्यांचं पिऊन होईपर्यंत उभे राहिले. शेजारच्या बाकावरून एक पैलवान ओरडला, "आबा, जर्मन होऊ द्या की आज." आबा म्हणाले, "आज न्हाय."

म्हशी सोडून आम्ही घराकडं निघालो. रंकाळवेस मागं पडल्यावर आबा माझ्याकडं वळले.

"अर्थ काय त्याचा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितला.

"म्हंजे मी गावभर सांगत हिंडलो, मी नापास झालो म्हणून?"

"व्हय, आबा."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पुढच्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि तसेच चालत राहिले. कट्ट्यावरचा एकेक माणूस त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार. मला तर ते सगळे दिसत होते. लाज म्हणजे काय हे मला त्या रस्त्यावर कळलं, आणि ती एकट्या ताईची नव्हती.

घरी आल्यावर आबांनी म्हशी बांधल्या, गोठ्यातली शिडी काढली आणि बाहेर नेऊन बांबूला लावली. ताई आवाज ऐकून दारात आली. आबा वर चढले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागले. ताईनं माझ्याकडं बघितलं. आबांना कळलंय, अशी मी मान हलवली. ती पुढं झाली आणि शिडी धरून उभी राहिली. मला पायरीवरून हलता येईना.

शिडी लागलेली बघून कृष्णातकाका तालमीतून आले. मागून मंडळाची चार पोरं आली. समोरच्या धोंडुबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"आकारामदादा, काढताय कशापायी?" काका म्हणाले. "पोरगी अजून जायची हाय की. विमानात बसूस्तवर राहू दे."

आबांनी वरून खाली बघितलं. ताईकडं नाही, काकांकडं.

"वाऱ्यानं फाटाय लागलाय," ते म्हणाले.

फ्लेक्स धडधाकट होता. एक कोपरासुद्धा उसवला नव्हता. आमच्या आबांना मी त्याआधी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

"न्हाय, आबा," ताई म्हणाली.

आबांच्या बोलण्यावर आमच्या घरात कुणी 'न्हाय' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तिचा आवाज गल्लीच्या त्या टोकाला गेला असेल.

"फाटला न्हाय, काका. मी नापास झालो. त्या दिवशी माईकवर तेच बोललो हुतो, आणि अर्थ खोटा सांगितला. आबांना ठावं नव्हतं."

काका फ्लेक्सवरच्या आपल्या फोटोकडं बघत राहिले. धोंडुबाई ओट्यावरच खाली बसल्या. ताईचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता, पण तिनं शिडी सोडली नाही. वर आबांनी एक दोरी सोडली, दुसऱ्या दोरीला हात घातला. फ्लेक्स एका बाजूनं खाली लोंबला आणि ताईचा गॉगलवाला चेहरा दुमडून आत गेला.

"नीट धर," आबा वरून म्हणाले. "हलाय लागलीय."

मग मी पायरी उतरले आणि शिडीची दुसरी बाजू धरली.