नाळेसकट

आकारामनं ग्राइंडर बंद केला आणि ओतीव लोखंडावरून तळहात फिरवला. खरखर कुठंच लागली नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं साचे भरणाऱ्या त्या हाताला तेवढ्यानं बरं वाटलं. सुट्टी मोडून केलेलं काम होतं.

शिल्पकार संयोगिता आपलं शिल्प बघायला आली, तशी दारातच थबकली.

"काका, याचे रनर कुठं गेले?"

"कापलं की." साच्यात रस ज्या वाटांनी उतरतो, त्या वाटांचे गोठलेले दांडे कोपऱ्यात पडले होते. "चार माणसांत न्यायचं म्हटल्यावर असं झिपरं धाडू व्हय?"

"जसं निघेल तसं द्या, म्हणाले होते मी."

"ते तुम्ही भिडंपोटी म्हणला असचिला."

ती दांड्यांपाशी उकिडवी बसली. त्यातला एक तिनं मांडीवर घेतला.

"लोखंड कुठून आलं, कसं आलं, ते यातच दिसत होतं. तेच दाखवायचं होतं मला. परवा प्रदर्शन आहे."

आकारामनं टोपी काढली, परत घातली.

"ताई, बाळंतपण झाल्यावर नाळ कापत्यात. तुम्हाला नाळंसकट लेकरू पायजे?"

"हो."

त्याला काही उमगेना. पण तिचा लाकडी नमुना अजून तिथंच होता आणि भट्टी पेटलेली होती. तो नव्या साच्यासाठी वाळू चाळायला बसला.

दुसऱ्या दिवशी साचा फोडला. दांड्यांसकट, कडेच्या पापुद्र्यांसकट ते बाहेर आलं. अंगाला जळकी वाळू, एका कुशीला आत कोंडलेल्या वाऱ्यानं पाडलेलं भोक. आकारामनं सवयीनं कानस उचलली. संयोगिता बघत होती. त्यानं कानस पाठीमागं धरली.

"चांगलं झालंय काका."

"काय ठावं," तो म्हणाला. त्याची नजर मात्र त्या भोकावरून हलेना.

टेम्पो गेटवर अडला. पहारेकरी हंबीरराव भोवतीनं फिरला.

"मिस्त्री, माल पास केल्याची खडूची खूण न्हाय. खुणंबिगर माल सोडत न्हाय मी, तुमचाच नियम हाय."

आकारामनं खिशातला खडू काढला. लोखंडापाशी नेला. हात तिथंच थांबला. मग खडू खिशात गेला, आणि तो टेम्पोच्या हौद्यात चढून त्या दांड्यांना टेकून बसला.

"माल न्हवं ह्यो," तो म्हणाला. "माझ्यासंगं हाय. सोड."