सपाट वाच गं!

झोप न येणं म्हणजे काय, हे झोप येणाऱ्या माणसाला सांगून कळत नाही. आमच्या ह्यांना तर नाहीच नाही. हे उशीला डोकं टेकायच्या आत झोपतात, तेही हूं की चूं न करता, आणि सकाळी वर मलाच विचारतात, "झाली का गं झोप?" त्या क्षणी हातात जे असेल ते फेकून मारावंसं वाटतं. बहुतेक वेळा हातात चहाचा कप असतो, म्हणून हे वाचलेत.

मी जन्मभर नर्सची नोकरी केली, तीही बहुतेक रात्रपाळीची. मधे पाठ टेकायला मिळायची ती वॉर्डाशेजारच्या खोलीत, दार उघडं ठेवून. पलीकडे कुणी कण्हतंय, कुणी बरळतंय, आणि मी आपली गाढ. कण्हणारा माणूस जिवंत असतो, त्याची काळजी नाही. पण वॉर्ड गप्प झाला की मी ताडकन उठून धावत सुटायची. निवृत्त झाले आणि ह्या गप्प घराने माझी वाट लावली. आडवी झाले की शांतता कानात शिरते आणि छातीत धडधडायला लागतं. रेडिओ लावून पाहिला, पंखा लावून पाहिला. पंखा काही माणूस नव्हे.

शेवटी गोळ्या सुरू झाल्या. गोळीने झोप कसली, नुसती गुंगी. एकदा गॅस चालू ठेवून मी बाजारात निघून गेले. परत आले तर पातेलं काळंठिक्कर आणि घरभर धूर. त्या दिवशी मी खरंच घाबरले. एक दिवस स्वतःसकट ह्या माणसाला जाळून ठेवीन, असं वाटायला लागलं.

गोळ्या देणाऱ्या केमिस्टला एक मुलगी. दहावीतली. बाकी सगळ्यात हुशार, पण इंग्रजी पुस्तक दाखवलं की तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. इंग्रजीत नापास झाली तर दहावी गेली आणि दहावी गेली तर बापाचं दुकान पुढे चालवायला कुणी नाही. आमचे हे इंग्रजीचे मास्तर, निवृत्त. लगेच म्हणाले, "पाठवा माझ्याकडे. एकेकटं बसवलं की दगडही वाचतो."

दगड आला. दुपारी, पाठीवर दप्तर आणि कपाळावर आठ्या. ह्यांनी हातात एक कादंबरी दिली. एका विधवेकडे भाडेकरू राहायला येतो आणि तिची मांजरं एकेक करून नाहीशी व्हायला लागतात, अशी काहीतरी भानगड. पोरगी वाचायला लागली. काय तो आवाज! ना चढ ना उतार. मांजर मेलं काय आणि पाऊस पडला काय, सगळं एका सुरात. अडखळायची, थांबायची, पुन्हा कण्हत पुढे जायची. मी आतल्या खोलीत पडले होते. डोळे कधी मिटले, देवाला ठाऊक.

जाग आली ती ह्यांच्या ओरडण्याने. "स्वल्पविराम दिसत नाही का? थांब तिथे! परत वाच!"

मी बाहेर आले. "अहो, वाचू द्या की तिला!"

"चुका करतेय."

"करू द्या. मी झोपले होते!"

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग मास्तरकीला जागले. म्हणाले, "तुझ्या झोपेसाठी मी पोरीचं इंग्रजी खड्ड्यात घालू?"

रोज तेच. पोरगी दोन ओळी वाचायची, माझा डोळा लागायचा आणि हे गरजायचे. आठवडा झाला तरी ह्यांनी दुसरं मांजर काही नाहीसं होऊ दिलं नाही. शेवटी मी पोरीला जिन्यातच गाठलं.

"रोज जरा लवकर येशील? सर दुपारी वाचनालयात पेपर वाचायला जातात तेव्हा. माझ्या खोलीत बसून वाचायचं."

"पण काकू, चुकलं तर?"

"चुकलीस तर मी झोपलेली असेन."

आयुष्यात पहिल्यांदाच ती इंग्रजी पुस्तकाकडे बघून हसली असेल. दुसऱ्या दिवसापासून आमचं दुकान सुरू झालं. ती खुर्चीत कण्हायची, मी पलंगावर ठार. दुपारची धडधड गेली तसा रात्रीही डोळा लागायला लागला. गोळ्या अर्ध्यावर आल्या, मग सुटल्या. केमिस्टने विचारलं, "काकू, दुसरीकडून घेता की काय?" म्हटलं, "नाही हो, तुमच्याकडचंच औषध चालू आहे." त्याला काही कळलं नाही.

आणि मग नाट लागला. एका दुपारी मी दचकून उठले. खोलीत कुणीतरी पुरुष बोलत होता. बघते तर ही बया! भाडेकरूचा घोगरा आवाज काढून वाचत होती. मग विधवेचा चिरका. मग मांजराचासुद्धा.

"अगं, सपाट वाच गं!"

"वाचतेच आहे, काकू."

सपाट कुठलं! जिथे थांबायचं तिथे थांबत होती, जिथे घाबरायचं तिथे घाबरत होती. मी रागावले. विनवलं. एकदा तर म्हटलं, "अगं, पहिल्यासारखं वाईट वाच ना." नेमके तेव्हाच हे दारात. सगळं ऐकलं त्यांनी.

"धन्य आहे!" म्हणाले. "आणि मी समजत होतो, माझ्या शिकवण्याने सुधारतेय."

"काकू, मला आता तसं येतच नाही," पोरगी रडवेली होऊन म्हणाली.

मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू? पोर शिकली याचा राग आला. चार रात्री टक्क जागून काढल्या. पाचव्या सकाळी केमिस्टकडे जाऊन गोळ्यांची पट्टी घेऊन आले आणि रात्रीसाठी उशाशी ठेवली.

त्या दुपारी ती आली. मी भिंतीकडे तोंड करून पडले. "वाच तुला हवं तसं," म्हटलं. वाचायला लागली. भाडेकरूच्या ट्रंकेला कुलूप होतं आणि विधवेला किल्ली सापडली होती. आणि एकदम आवाज थांबला.

मी ताडकन उठले. छातीत तीच धडधड. "काय झालं गं? काय होतंय?"

"श्श!" तिने हात वर केला. मान वर नाही केली. ओठ मिटलेले, डोळे ओळीवरून सरकत होते. पान उलटलं. मी तिच्या छातीकडे बघितलं, सवयीने. श्वास चालू होता, अगदी व्यवस्थित. पोरगी धडधाकट होती आणि गप्प होती. मला धावत कुठेच जायचं नव्हतं. ही गोष्ट मला इतकी नवीन होती की मी तशीच भिंतीला टेकून तिच्याकडे बघत बसले. आणखी एक पान उलटलं.

मग कुणीतरी माझा खांदा गदागदा हलवत होतं.

"काकू! ओ काकू!" पोरगी वैतागली होती, पुस्तकात बोट तसंच घालून ठेवलेलं. "केवढ्या घोरताय! जरा वाचू द्या ना मला!"