दिशाची तीन कप्प्यांची ताटली

मी ताटली बोलतेय. लसणाची नव्हे हं! माझ्यात लसूण दिसतोय म्हणून तसं समजू नका. मी बाळाची ताटली. मऊ, अस्वलाच्या तोंडाची, तीन कप्प्यांची. पोटाखाली अशी पकड की टेबलाला एकदा चिकटले की बाळ सोडा, बाळाच्या बापालाही उचलता येऊ नये.

कुठल्या साच्यातून निघाले ते आठवत नाही. खोक्यातून बाहेर आले ती थेट खाडीकाठच्या कोलशेतच्या या घरात. शकूआई, तिचा मुलगा दिपेश, सून कल्पिता आणि सात महिन्यांची दिशा. शकूआईनं तरुणपणी मिठागरात पाट्या वाहिलेल्या. आता त्यांच्या शेतावर टॉवर उभा आहे आणि ही माणसं त्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, पण मासळीशिवाय त्यांचं पान हलत नाही.

त्याच मासळीनं घात केलेला. शकूआईनं कौतुकानं बोंबलाचा कण नातीच्या जिभेवर ठेवला आणि पोरीच्या अंगभर चट्टे उठले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मासळी बंद. अंडं, शेंगदाणे तपासणी झाल्याशिवाय नको. पण हातानं खायला शिकू दे, बोटभर मऊ फोडी द्या." म्हणून माझी खरेदी झाली.

काय थाट होता माझा! एका कप्प्यात वाफवलेलं रताळं, दुसऱ्यात लाल भोपळा, तिसऱ्यात केळं. कल्पिता प्रत्येक फोड दोन बोटांत दाबून बघायची, चिरडली तरच माझ्यात ठेवायची. केळं दिशाच्या मुठीतून सटकायचं, म्हणून ते भाजलेल्या तांदळाच्या पिठात घोळवायची. पहिले आठ दिवस फोडी कानात, केसांत, नाकाला, तोंड सोडून सगळीकडे. मग एकदा रताळं मुठीत बसलं आणि तोंडात गेलं. बाईसाहेब स्वतःवरच इतक्या खूश झाल्या की माझ्यावर दोन्ही हात बडवत सुटल्या. शकूआई टाळ्या वाजवत म्हणाली, "बघ गो कल्पिता, माझी बाय जेवाला शिकली!"

शकूआईला नावं ठेवू नका. पोरीसाठी तिनं मासळीची शेगडी वेगळी गॅलरीत मांडली, तवा वेगळा केला. मासळीला हात लावला की दोनदा साबणानं धुतल्याशिवाय दिशाला घ्यायची नाही.

एका रविवारी मी ओट्यावर निथळत होते. शकूआईनं डब्यातलं तांदळाचं पीठ ताटात घेतलं, सुरमईच्या तुकड्या घोळवल्या, गॅलरीत नेऊन तळल्या. हात धुतले. मग ताटात उरलेलं पीठ चाळलं आणि पुन्हा डब्यात ओतलं. जन्मभर असंच ओतत आलेली, अन्न टाकायचं नाही म्हणून. अगं, ते नको! पण ताटलीचं कोण ऐकतंय?

सोमवारी कल्पितानं त्याच डब्यातलं पीठ भाजलं आणि केळ्याला लावलं. दिशानं आपल्या हातानं तीन फोडी खाल्ल्या. मग ओठ सुजले, उलटी झाली, श्वास घरघरायला लागला. दिपेश तिला उचलून चपला न घालता धावत सुटला. दोन दिवस घर रिकामं होतं. माझ्यातलं केळं काळं पडलं, मुंग्या आल्या, मला कुणी धुतलं नाही.

पोर वाचली. पण पोटात मासळीच गेली होती असं निघालं. गेली कशी? सगळं घर शोधलं. शेवटी कल्पिता म्हणाली, "हिनंच कुठून तरी उचलून तोंडात घातलं असणार. आजपासून हातानं खाणं बंद!" मग शकूआईकडे, दिपेशकडे बघून म्हणाली, "आणि कुणाच्या चुकीनं झालं असेल ना, तर त्याला मी माझ्या पोरीला परत हात लावू देणार नाही."

पुढच्या रविवारी पुन्हा सुरमई आली. घोळवली, तळली. शकूआई उरलेलं पीठ चाळून डब्याकडे गेली आणि तिचा हात डब्यावरच थांबला. मागच्या रविवारचं पीठ तिला आठवलं. मग अख्खा डबा कचऱ्यात उलटा केला, घासून घासून धुतला.

"आई, पीठ कुठे गेलं?" कल्पितानं विचारलं.

"किडे परलेले गो," शकूआई म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं डब्यात काही परत ओतलं नाही. पण बोलली नाही ती नाहीच. बोलली तर दिशाचे हात सुटतील, ती पुन्हा हातानं खाईल, पण शकूआईच्या मांडीवरून दिशा जाईल. मला राग येतो तिचा, आणि रडूही येतं.

दिशाचं सगळं जेवण मिक्सरमधून जाऊ लागलं. दिशाच्या हातांना आधी मोजे घातले, मग नुसतं "हात मागे!" म्हटलं तरी पुरायचं. मी खिडकीत आले, लसणासाठी. शकूआई रोज माझ्यातूनच पाकळ्या घेते आणि माझ्याकडे बघत नाही.

दिशा आता अडीच वर्षांची आहे. बालवाडीतल्या बाईंनी सांगितलं, खाऊच्या वेळी सगळी मुलं खातात आणि ही तोंड उघडून नुसती उभी राहते. कल्पिता म्हणाली, "असू दे, सुरक्षित तर आहे."

काल कल्पिता कामावर होती. शकूआईनं रताळं वाफवलं, बोटांत दाबून बघितलं, लसूण बाजूला सारून एक फोड माझ्यात ठेवली. किती दिवसांनी! "घे गो बाय, तुझ्या हातानं घे."

शकूआई, तिला सांगू नकोस, तिच्या आईला सांग, त्या पिठाचं. मला तोंड नाही गं, तुला आहे.

दिशानं फोडीकडे बघितलं. दोन्ही हात पाठीमागे नेले, एकात एक घट्ट धरले आणि तोंड उघडलं. शकूआईनं फोड उचलली आणि तिला भरवली.